जळके ऑईल : विल्हेवाट

वाहनाच्या इंजिनातून बदलून काढलेले वंगणतेल. गॅरेजवाले त्याला जळके किंवा काळे ऑईल म्हणतात, सरकारी कागदात ते ‘वापरलेले तेल’ असते. मोटारसायकलीतून साधारण 1 लिटर, छोट्या मोटारीतून 3 ते 4 लिटर निघते. वापराने मूळ तेल संपत नाही, ते घाण होते. त्यात काजळी, धातूचा कीस, पाणी आणि न जळलेले इंधन उतरते. देशात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झाल्यापासून शिशाचे प्रमाण घटले. पूरकांतले जस्त आणि कर्करोगकारक बहुवलयी हायड्रोकार्बने राहिलीच.

महाराष्ट्रात हे तेल गटारात ओतणारे आहेतच, पण मोठा घोळ वेगळा आहे : त्याला गिऱ्हाईक असते. सेंट्रिंगच्या प्लेटांना काँक्रीट चिकटू नये म्हणून ते फासतात, कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून चोपडतात. तिथून पावसाबरोबर ते जमिनीत मुरते. भट्टीत जाळले, तर धातू धुरावाटे बाहेर पडतात. शिवाय रोख पैसे मोजणारा दारात उभा असताना पावती मागायची कोणाला सुचते?

घातक कचऱ्याविषयीच्या 2016 च्या नियमांनुसार हे तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवे. तिथे पाणी काढून निर्वात ऊर्ध्वपातनाने मूळ तेल वेगळे करतात आणि नंतर माती किंवा हायड्रोजन वापरून ते स्वच्छ करतात. जुन्या पद्धतीत सल्फ्युरिक आम्ल घालत. तेल उजळायचे, पण मागे उरणारा आम्लयुक्त गाळ मूळ तेलापेक्षा वाईट. सप्टेंबर 2023 मधील दुरुस्तीने वंगण उत्पादक आणि आयातदारांवरही पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकली. ती 1 एप्रिल 2024 पासून लागू आहे.

घरी ऑईल बदलणाऱ्याने इंजिन कोमट असताना ड्रेन बोल्ट काढावा, म्हणजे तळाची घाणही निघते. फिल्टरमध्ये बरेच तेल अडकते, म्हणून तो उलटा करून रात्रभर निथळू द्यावा. हे सहसा कोणी करत नाही. तेल झाकणाच्या कॅनमध्ये भरून, अधिकृत संकलकाला माल देणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे पोचवावे. कॅनमध्ये कूलंट, पेट्रोल किंवा थिनर मिसळू नये. मिसळल्यास तेल शुद्ध करणे अवघड होते आणि केंद्र ते नाकारू शकते.