डॉक्टर रखमाबाई आणि नांदण्याचा दावा

आपल्याकडची पहिली स्त्री-डॉक्टर कोण, असे विचारले तर शाळकरी मूलही आनंदीबाई जोशींचे नाव सांगते, आणि ते योग्यच आहे. आनंदीबाईंनी १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी मिळवली. पण मायदेशी रोग्यांची सेवा करण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. त्यानंतर सहाव्या दिवशी मुंबईच्या हायकोर्टाने दुसऱ्या एका तरुणीला फर्मावले : एक महिन्याच्या आत नवऱ्याघरी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात बस. ही तरुणी म्हणजे रखमाबाई. पुढे तिने पस्तीस वर्षांच्या आसपास डॉक्टरकी केली. पण खटल्याच्या गाजावाजात तिचे हे काम मात्र झाकले गेले.

रखमाबाईंचा जन्म १८६४ साली मुंबईत, सुतार जातीत झाला. त्या लहान असतानाच वडील जनार्दन पांडुरंग वारले. जातीत पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. आई जयंतीबाईंनी पुढे डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे, वनस्पतिशास्त्राचे जाणकार. अशा घरातही वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून देण्यात आले. रूढीचा जोर शिकलेल्या घरातही किती असतो, ते यावरून कळते. मात्र एवढ्या लहान वयात मुलीला सासरी धाडायचे नाही, हे सखाराम अर्जुनांनी धरून ठेवले. मुलगी घरी राहून वाचू लागली. नवरा काही शिकला नाही, मामाच्या आश्रयाला राहिला. अखेर १८८४ साली त्याने नांदण्याचा दावा लावला. वडिलांची मालमत्ता रखमाबाईंच्या नावे होती, तिच्यावर नजर ठेवून हा दावा झाला, असे रखमाबाईंच्या बाजूचे म्हणणे होते.

न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली दावा फेटाळला. जे दोघे एकत्र नांदलेच नाहीत, त्यांचे नांदणे 'पुन्हा' सुरू करून कसे देणार, असा त्यांचा साधा मुद्दा होता. शिवाय असला दावा हिंदू धर्मशास्त्रात नव्हताच. तो विलायतेतील चर्चच्या न्यायालयांतून आलेला. 'केसरी'ने आणि सनातनी मंडळींनी धर्म बुडाला म्हणून पिन्हेसाहेबांवर टीकेची झोड उठवली. परंतु ज्या हत्याराने ते धर्म राखू पाहत होते, ते हत्यारच परके होते. अपिलात निकाल फिरला, खटला पुन्हा खाली आला, आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी वर सांगितलेला हुकूम दिला. रखमाबाईंनी उत्तर दिले की आपण तुरुंगात जाऊ, पण नांदायला जाणार नाही.

आमचे आयुष्य मजूर आणि मालक यांच्या करारांत गेले. कोऱ्या कागदावर घेतलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे, हे आम्हाला गिरणीच्या फाटकावर वर्षानुवर्षे सांगावे लागले. अकरा वर्षांच्या मुलीच्या लग्नालाही तोच न्याय लागू आहे. रखमाबाईंनी हेच भर कोर्टात मांडले, आणि तेही आमच्या संघटना जन्माला येण्यापूर्वी. १८८५ साली 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या सहीने बालविवाहावर लिहिणारी बाईही त्याच होत्या.

१८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकुमाची बजावणी सोडून दिली. १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन दहाची मर्यादा बारावर गेली, त्यामागे या खटल्याने उठवलेला वाद होताच. पण तोवर रखमाबाई वर्तमानपत्रांतून दूर गेल्या होत्या. कामा रुग्णालयाच्या डॉक्टर एडिथ पीची यांच्या पाठिंब्याने त्या १८८९ साली लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या, १८९४ साली परीक्षा उतरल्या, आणि परत येऊन सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या.

पुरुष डॉक्टरपुढे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायकांचा तो काळ. त्यांच्यासाठी स्त्री-डॉक्टर म्हणजे शोभेची गोष्ट नव्हती, जगण्यामरण्याचा प्रश्न होता. १९१८ साली सरकारी स्त्री-वैद्यकीय सेवेत येण्याचे बोलावणे आले, ते नाकारून त्यांनी राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयाचे काम पत्करले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच केले. ज्या बाईला कोर्टाने दुसऱ्याच्या घरी नांदायला सांगितले होते, तिने आपले घर आणि आपले काम स्वतः निवडले.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी ओलांडून, रखमाबाई वारल्या. नांदायला न जाणाऱ्याला तुरुंगात घालण्याची तरतूद १९२३ साली रद्द झाली होती. परंतु त्यांच्या मृत्यूच्या चारच महिने आधी अमलात आलेल्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात नांदण्याचा दावा मात्र कायम राहिला. आंध्र प्रदेश हायकोर्टाने १९८३ साली ते कलम घटनाबाह्य ठरवले. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध धरले.

श्रोतेहो, रखमाबाईंची तसबीर लावणे सोपे आहे. परंतु त्यांनी कोर्टापुढे टाकलेल्या प्रश्नाचे उत्तर आपण शंभर वर्षांत पुरते दिलेले नाही. बाईचे शरीर आणि बाईचे श्रम यांवर पहिला हक्क तिचा स्वतःचा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. कोर्टात त्या हरल्या; पण सुरत-राजकोटच्या रुग्णालयांत रोज सकाळी कामावर जाऊन त्यांनी तेच म्हणणे खरे करून दाखवले.