पद्मिनीचं माहेर

अमरावतीच्या घरी देवघराच्या वरच्या फळीवर, पंचांगाच्या शेजारी, लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट रोकडवही असते. पाहुण्यांना वाटतं दुकानाचा हिशेब असेल. प्रत्यक्षात ती मोठेबाबांच्या गाडीची वही आहे. (मोठेबाबा म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ. आमच्या वऱ्हाडात त्यांना काका म्हणायची पद्धत नाही.) १९७९ पासून त्यांच्या प्रीमियर पद्मिनीला जे जे झालं ते सगळं त्यात तारीखवार लिहिलेलं आहे. नमुन्यादाखल एक नोंद: "१४ मे ८४. मूर्तिजापूरच्या अलीकडे बंद. पंपावर ओला टॉवेल. २० मिनिटं. चालू. अकोला ११.१५."

मोठेबाबा गेले. गाडी राहिली, वही राहिली. २०२४ मध्ये रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाची तारीख आली आणि घरात प्रश्न उभा राहिला, की ठेवायची की भंगारात द्यायची? १५ वर्षं झाली की दर ५ वर्षांनी हे नूतनीकरण करावं लागतं. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून एकदम ५,००० झाली होती. बाबा म्हणाले, "तूच ठरव. इंजिनियर आहेस ना?" आता कोड लिहिणाऱ्या इंजिनियरला कार्बोरेटरमधलं काय कळतंय! पण ठरवण्याआधी म्हटलं वही तरी वाचून काढू. एक अख्खा शनिवार-रविवार गेला त्यात.

आपण सगळे एक वाक्य नेहमी ऐकतो, "जुन्या गाड्या काय टिकाऊ होत्या राव!" वही वाचल्यावर माझा या वाक्यावरचा विश्वास उडाला. महिना-दीड महिन्यात एखादी तरी नोंद आहेच. पॉइंट, प्लग, पंप, पाटे, बुश, किंगपिन, फॅनबेल्ट... गाडी सतत काहीतरी मागत होती. तरीही चाळीसहून अधिक वर्षं ती चालली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? त्याचं उत्तर शोधता शोधता मी थेट इटलीला पोचलो. म्हणजे, बसल्या जागी :-)

पद्मिनीच्या इंजिनाचं माप आहे १०८९ सीसी. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. कॅल्क्युलेटरवर गुणाकार करून बघा, बरोब्बर येतं. हेच माप फियाटने १९३७ साली '५०८ सी बलिल्ला ११००' या गाडीत पहिल्यांदा आणलं. म्हणजे राजकमल चौकात सिग्नलला फुरफुरत उभ्या राहणाऱ्या आमच्या गाडीच्या इंजिनाचं घराणं दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीचं!

आता पुढची गंमत. युद्ध संपल्यावर इटलीत सगळ्याच गोष्टींची टंचाई होती. पिएरो दुसिओ नावाच्या हौशी उद्योगपतीला रेसिंग कार बनवायची होती. त्याने फियाटचाच डिझायनर दांते जाकोसा याला गाठलं. जाकोसाने फियाट ११०० चे साधेच, बाजारात मिळणारे सुटे भाग वापरून एक हलकी, एका माणसाची रेसिंग कार तयार केली. ती म्हणजे १९४६ ची 'चिसितालिया डी४६'. त्याच वर्षी तूरिनच्या शर्यतीत तात्सिओ नुवोलारी हा त्या काळचा दंतकथा झालेला ड्रायव्हर ती चालवत असताना स्टीअरिंग व्हील चक्क निघून हातात आलं. गडी थांबला नाही. एका हाताने व्हील हवेत हलवून त्याने आपल्या लोकांना दाखवलं आणि नुसत्या दांड्याला धरून गाडी चालवत राहिला.

पुढच्या वर्षी, १९४७ मध्ये, 'मिले मिलिया' शर्यत झाली. ब्रेशियाहून रोमला जाऊन परत, साधारण १,८०० किलोमीटर, आणि तेही साध्या रस्त्यांवरून. चोपन्न वर्षांचा, आजारी नुवोलारी उघड्या चिसितालियात बसून भर पावसात पुढे होता. शेवटी पावसाचं पाणी इग्निशनमध्ये शिरलं, वेळ गेला आणि तो दुसरा आला. पहिल्या आलेल्या अल्फा रोमिओचं इंजिन त्याच्या अडीच पटीहूनही मोठं होतं. याच चिसितालियाची 'पिनिन फरिना'ने घडवलेली बंद कूपे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१ च्या मोटारींच्या प्रदर्शनात मांडली. आज ती त्यांच्या संग्रहात आहे.

आमच्या पद्मिनीत चिसितालियाचं इंजिन आहे असं मी म्हणत नाही. तिथे ते खास तयार करून ताकद वाढवलेलं होतं, आपलं चाळीसेक हॉर्सपॉवरचं घरगुती. पण घराणं एक. आणि महत्त्वाचं हे की जाकोसाला त्या इंजिनाची स्पोर्ट्स कार करता आली, कारण ते साधं होतं. उघडा, बघा, बदला, बंद करा. रेसवाल्यांना हवा असलेला हाच गुण पुढे वऱ्हाडातल्या मिस्त्र्यांच्या कामी आला.

या इंजिनाचं सासर म्हणजे कुर्ला. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांना भारतात मोटार बनवायची होती. विश्वेश्वरय्यांनीही १९३० च्या दशकात मुंबईत मोटार कारखाना काढायची योजना मांडली होती. पण इंग्रज सरकारला त्यात काडीचा रस नव्हता. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. सुरुवात अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्यांनी झाली, मग फियाटशी करार झाला. १९५४ पासून आली ती फियाट ११००, तिचं गोलमटोल रूप पाहून आपल्या लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हटलं. १९६४ ला आली ११०० डी. इटलीत या मॉडेलला १२२१ सीसीचं मोठं इंजिन होतं, आपल्याकडे मात्र १०८९ च राहिलं. पुढे फियाटशी करार संपला आणि १९७४ पासून तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' झाली. इटलीत ११०० डी १९६६ मध्ये थांबली होती. आपल्याकडे ती २००० च्या सुमारापर्यंत चालू राहिली.

का? तर दुसरं काही नव्हतंच. किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवणार, परदेशी गाडीला बंदी, आणि गिऱ्हाईक रांगेत. मोठेबाबांनी नंबर लावला तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं, गाडी दारात आली तेव्हा ताई शाळेत जायला लागली होती. १९६७ साली तर देशात बनणाऱ्या मोटारींचा दर्जा तपासायला सरकारला समिती नेमावी लागली. १९६९ मध्ये मोटारींच्या किमतींवर सरकारी नियंत्रण आलं आणि ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. त्या काळाबद्दल उमाळे काढणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. रांगेत उभं राहण्यात काही रोमँटिक नसतं.

पण या टंचाईतून एक गोष्ट नकळत घडली. तीसहून अधिक वर्षं गाडी जवळजवळ बदललीच नाही. त्यामुळे गावोगावच्या मिस्त्र्यांना ती पाठ झाली. बदनेरा रोडवर आमचे उस्ताद आहेत. मोठेबाबा त्यांच्याकडे १९८१ पासून जायचे. उस्तादांनी मॅन्युअल कधी पाहिलंही नसेल. पण स्टेथोस्कोपसारखा लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून कुठला टॅपेट वाजतोय ते सांगतात.

आणि त्यांना शिकावं लागलं ते इथल्या उन्हामुळे. अकोला-अमरावतीचा मे महिना ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. पारा ४५ च्या वर गेला की या गाडीचं काय होतं बघा. पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटून असतो. इंजिन तापलं की पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ढकलायला बनवलेला, वाफ नुसतीच दबते आणि सुटते. कार्बोरेटर उपाशी, गाडी बंद. उपाय? पंपावर ओलं फडकं आणि जवळच्या बाभळीखाली वीस मिनिटं. वहीत उन्हाळ्यातल्या नोंदी बहुतेक याच आहेत. ताई सांगते, अकोल्याला निघताना पाण्याच्या दोन सुरया असायच्या, एक माणसांची, एक गाडीची.

सगळ्यात मोठी नोंद १९९१ ची आहे आणि ती आमच्याच चुकीची. चिखलदऱ्याला जाताना परतवाड्यानंतर घाटात रेडिएटर उकळला. घाईघाईत कुणीतरी (नाव वहीत आहे, पण ते माझे वडील असल्यामुळे सांगत नाही) तापल्या इंजिनात थंड पाणी ओतलं. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम उष्णतेने जास्त पसरतं आणि एकदम गार केलं की वाकतं. हेड वाकलं, गॅस्केट गेलं. आजच्या गाडीला असं झालं तर एस्टिमेट ऐकूनच आपण खाली बसू. उस्तादांनी हेड खोललं, लेथवाल्याकडून त्याचा तळ सपाट करून आणला, नवीन गॅस्केट टाकलं आणि चौथ्या दिवशी गाडी घरी.

हा लेथवाला मूळचा जिनिंगवाल्यांचा. कापसाच्या मुलखात जिनिंग-प्रेसिंगची मशीनं, त्यांचे रोलर, त्यांचे बुश, ही कामं करणारे कारागीर पिढ्यानपिढ्या आहेत. पद्मिनीचा गिअर स्टीअरिंगखालच्या दांड्यावर असतो. त्या जोडणीतले बुश झिजले की पहिला गिअर टाकायला जावं तर भलताच पडतो. त्याने गनमेटलचे बुश कातून दिले. २००३ ची नोंद आहे, "गिअरचे बुश, जिनिंगवाल्याकडून." ते बुश अजून आहेत.

इथे माझं उत्तर मला मिळालं. ही गाडी टिकाऊ नव्हती, दुरुस्त होणारी होती. या दोन गोष्टींत आपण नेहमी गल्लत करतो. टिकाऊपणा कारखान्यात तयार होतो. दुरुस्त होणं मात्र नुसतं कारखान्याच्या हातात नसतं. त्याला उस्ताद लागतो, लेथवाला लागतो, वही लिहिणारा मालक लागतो. आमच्या धंद्यातही दहा वर्षं चाललेलं सॉफ्टवेअर पाहिलंत तर त्यामागे असाच एखादा, कुणाच्या लक्षात न येणारा, नोंदी ठेवणारा माणूस सापडतो.

म्हणूनच काळजी वाटते ती गाडीची नाही. सुटे भाग मुंबईहून यायचे, बहुतेक कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारातून. जिथे बनली तिथेच तिचे तुकडे विकले जायचे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे हा बाजार जिवंत होता. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली आणि तो आधारही गेला. दुसरीकडे पेट्रोल बदललं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं, ते पचवलं. आता २० टक्के इथेनॉलचं, ई-२० पेट्रोल. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. १९७९ च्या गाडीतले रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचे सील, यांपैकी काहीच त्यासाठी बनलेलं नाही.

आणि उस्तादांना मोतीबिंदू झालाय. ऑपरेशन झालं, पण बारीक जेट आता दिसत नाही म्हणतात. त्यांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात आहे. मी विचारलं, "उस्ताद, तुमच्यानंतर कोण करणार हे?" काड्यापेटीच्या खरखरीत बाजूने पॉइंट घासता घासता ते म्हणाले, "काऊन, तुले हात नाईत का? थे गाडी सोताच सांगते काय दुखून राह्यलं. आयकाले शीक फक्त."

मी फी भरली. बाबा काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी गाडीवरचं कव्हर त्यांनीच काढलं.

त्यानंतर अमरावतीला गेलो की शनिवारची सकाळ बदनेरा रोडवर जाते. उस्ताद खुर्चीवर बसून सांगतात, मी करतो. पहिल्यांदा कार्बोरेटर खोलला तेव्हा जोडल्यावर एक स्प्रिंग उरली. उस्ताद पाच मिनिटं हसत होते, मग म्हणाले, "आता खोल परत." परत खोलला.

मागच्या महिन्यात वहीत माझ्या अक्षरात पहिली नोंद झाली. "पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलले, इथेनॉल चालणारे टाकले. पंपाचा पडदा नवीन. चालू." खाली जागा बरीच शिल्लक आहे.

असो. मे महिन्यात एकदा अकोल्याला जाऊन यायचा बेत आहे. मूर्तिजापूरच्या अलीकडे एखादी जुनी पद्मिनी बाभळीखाली उभी दिसली, तर पाण्याची बाटली घेऊन थांबा म्हणजे झालं!