यात्रेकरूच्या ओसरीपासून रात्रीच्या भाड्याच्या सदनिकेपर्यंत : नाशिकच्या गंगापूर रोडवरील अल्पमुदतीचा निवास, घरभाडे आणि हॉटेल व्यवसाय

प्रस्तावना

घराचे किंवा घरातील एखाद्या खोलीचे भाडे महिन्यावर न ठरवता रात्रीवर ठरविणे, यास अल्पमुदतीचा भाडेनिवास असे म्हणता येईल. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे २००८ मध्ये एअरबीएनबी ही कंपनी स्थापन झाली. त्यानंतरच्या काळात ऑनलाइन आरक्षणामुळे हा व्यवहार जगभर पसरला. त्यामुळे स्थानिक रहिवाशांना भाड्याची घरे महाग झाली आणि हॉटेल व्यवसायापुढे नवा प्रतिस्पर्धी उभा राहिला, अशा दोन तक्रारी सर्वत्र केल्या जातात. हा प्रश्न एकविसाव्या शतकातील तंत्रज्ञानाने निर्माण केला, असा समज आहे. तथापि नाशिकसारख्या तीर्थक्षेत्राचा इतिहास पाहता तो अपुरा ठरतो. पाहुण्याला पैसे घेऊन किंवा दक्षिणा घेऊन घरात ठेवण्याची रीत येथे जुनी आहे. नवे काय आहे, याचा शोध घेणे आणि त्या प्रकाशात गंगापूर रोड परिसरातील आजच्या स्थितीचा विचार करणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

गोवर्धनपासून गंगापूरपर्यंत : पूर्वपीठिका

गंगापूर रोड आज नाशिक शहरातून पश्चिमेस आनंदवल्ली, सोमेश्वर, गंगापूर आणि गोवर्धन या गावांकडे जातो. यांपैकी गोवर्धनचा उल्लेख पांडवलेण्यांतील शिलालेखांत येतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या दहाव्या लेण्यातील लेखात त्याच्या दानांची नोंद आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी त्याने प्रवाशांसाठी चौकाची निवासस्थाने बांधून दिली, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे या परिसरातील पांथस्थाच्या निवासाचा लेखी पुरावा इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंत मागे जातो. ही निवासस्थाने दानातून उभी राहिली होती आणि स्थानिकांच्या राहत्या घरांपासून ती वेगळी होती, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

पेशवाईत नाशिकचे धार्मिक आणि राजकीय महत्त्व वाढले. गोपिकाबाई पेशवे यांचे उत्तरायुष्य गंगापूर परिसरात गेले, तर आनंदवल्लीचा संबंध राघोबादादा आणि आनंदीबाई यांच्याशी आहे. पंचवटीत व गोदाकाठी मंदिरे आणि घाट बांधले गेले आणि त्यांच्यालगत तीर्थोपाध्यायांचे वाडे उभे राहिले. यात्रेकरू आपल्या कुळाच्या उपाध्यायाकडे उतरत असे. उपाध्याय आपल्या वहीत त्याचे गाव, कूळ आणि सोबतच्या माणसांची नावे लिहून घेई. ओसरी, माडी किंवा मागील चौक यात्रेकरूंना मिळे आणि जाताना यात्रेकरू दक्षिणा देई. उघडपणे हे भाडे नव्हते, परंतु निवासाचा मोबदला त्यात अंतर्भूत होता, हे नाकारता येत नाही.

या व्यवस्थेची दोन वैशिष्ट्ये लक्षात घ्यावी लागतात. यजमान त्याच वाड्यात राहत होता, म्हणून पाहुणा आला तरी घर घरच राहत असे. शिवाय पाहुण्याची नोंद होत होती. उपाध्यायाची वही हे आजच्या भाषेत सांगायचे तर निवासाचे नोंदणीपुस्तकच होते.

थळ घाटातील लोहमार्ग १८६५ मध्ये सुरू झाल्यावर मुंबईहून येणाऱ्या यात्रेकरूंची सोय झाली. वाड्यांच्या जोडीला धर्मशाळा आणि पुढे लॉज आले. विसाव्या शतकात गाडगे महाराजांनी पंढरपूर, आळंदी, देहू यांप्रमाणे नाशिक येथेही धर्मशाळा उभारली. गरीब यात्रेकरूचा भार शहरातील राहत्या घरांवर पडू नये, हे कार्य अशा धर्मशाळांनी केले.

१९४७ चा कायदा : घर आणि निवासगृह एकाच चौकटीत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबई इलाख्यातील शहरांत घरांची टंचाई तीव्र झाली. भाडेनियंत्रणाचा कायदा १९३९ मध्ये आला होता. १९४४ च्या कायद्यात घरभाड्याबरोबर हॉटेल आणि निवासगृहांच्या दरांचाही समावेश झाला. या दोन्ही कायद्यांची जागा घेणाऱ्या १९४७ च्या कायद्याचे नावच ‘मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम’ असे होते. तो फेब्रुवारी १९४८ मध्ये अमलात आला.

या नावाकडे आजवर पुरेसे लक्ष गेलेले नाही. १९४७ चा कायदा म्हटले की १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविलेले प्रमाण भाडे आणि भाडेकरूचे संरक्षण एवढेच आठवते. परंतु याच कायद्याच्या एका भागात हॉटेल व निवासगृहांचे रास्त दर ठरविण्याचा अधिकार नियंत्रकास दिलेला होता. तसेच कलम २५ नुसार, कायदा अमलात आला त्या दिवशी निवासी वापरात असलेली जागा अनिवासी कारणासाठी वापरण्यास मालकाला मनाई होती. शहरातील खोली ही एकच असते आणि तिच्यावर कायमचा रहिवासी व तात्पुरता पाहुणा अशा दोघांचा दावा असतो, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते. एका बाजूचे दर बांधून दुसरी बाजू मोकळी सोडली, तर जागा मोकळ्या बाजूकडे वाहत जाईल, हे त्यामागील तर्कशास्त्र होते.

अर्थात या कायद्याचे दुष्परिणामही झाले. भाडे गोठल्यामुळे वाड्यांची दुरुस्ती थांबली. एकदा ठेवलेला भाडेकरू निघत नाही, या भीतीने अनेक मालकांनी घरे रिकामी ठेवणे पसंत केले. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचा दर्जा दिल्याने ही भीती वाढली. अखेर मलपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये गोठविलेल्या भाड्याची तरतूद काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले आणि नव्या कायद्याचा मार्ग मोकळा झाला.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. कलम २४ मुळे लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा परत मिळण्याची हमी मालकाला मिळाली. त्यामुळे रिकामी घरे भाड्याच्या बाजारात येण्याची वाट खुली झाली. मात्र नव्या कायद्याच्या नावातून हॉटेल आणि निवासगृह हे शब्द गेले व त्यांचे दरनियंत्रणही गेले. दरनियंत्रण जाणे त्या काळाच्या आर्थिक धोरणाशी सुसंगतच होते. पण त्याबरोबर घर आणि निवासगृह यांचा एकत्र विचार करणारी दृष्टीही कायद्यातून निघून गेली. निवासी जागेच्या वापरबदलावरील निर्बंध नव्या कायद्यात राहिला, तरी त्याचा आधार कायदा सुरू झाला त्या दिवशीचा वापर हाच आहे. २००० नंतर उभ्या राहिलेल्या इमारती त्या शब्दरचनेच्या बाहेर राहतात. आजच्या गंगापूर रोडवरील बरीच वस्ती याच काळातील आहे.

गंगापूर रोडचे रूपांतर

गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. सातपूरची औद्योगिक वसाहत आणि ओझरचा विमान कारखाना हेही १९६० च्या दशकातीलच. मराठा विद्या प्रसारक समाजाचे के.टी.एच.एम. महाविद्यालय १९६९ मध्ये सुरू झाले. नाशिक महानगरपालिका १९८२ मध्ये अस्तित्वात आली, तर १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा परिसर गोवर्धन येथे उभा राहिला. शेती आणि द्राक्षबागांचा हा रस्ता अशा रीतीने शिक्षणसंस्था आणि मध्यमवर्गीय वसाहतींचा रस्ता झाला. विद्यार्थी, बदलीवर आलेले कर्मचारी आणि नवे प्राध्यापक हे येथील भाडेकरूंचे मुख्य वर्ग होत.

दुसरे वळण द्राक्षातूनच आले. सुला ही कंपनी १९९९ मध्ये गंगापूर परिसरात सुरू झाली. महाराष्ट्र शासनाचे द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ मध्ये जाहीर झाले. २००५ मध्ये सुलाने पर्यटकांसाठी आस्वाद कक्ष उघडला आणि शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांचा ओघ सुरू झाला. तीर्थयात्रेला पर्वकाळ असतो. या नव्या यात्रेचे पर्व दर आठवड्याला येते. सोमेश्वर, धरणाचा जलाशय आणि गिरणारेकडील शेतघरे यांची त्यात भर पडली. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण लांबीने खुला झाल्याने प्रवास आणखी सुकर झाला. परिणामी या पट्ट्यातील सदनिका, रो-हाऊस आणि बंगले रात्रीच्या भाड्याने ऑनलाइन मिळू लागले.

घरभाड्यावरील परिणाम

हा परिणाम समजण्यासाठी एक साधे काल्पनिक उदाहरण पुरेसे आहे. समजा, दोन खोल्यांची एक सदनिका दरमहा २०,००० रुपयांस भाड्याने जाते. तीच सदनिका पाहुण्यांस रात्रीला ४,००० रुपयांनी दिली आणि महिन्यातील शुक्रवार-शनिवारच्या केवळ आठ रात्री भरल्या, तर ३२,००० रुपये येतात. मंचाचा हिस्सा, स्वच्छता, वीज आणि देखभाल यांसाठी त्यातून ९,००० रुपये वजा केले, तरी २३,००० रुपये उरतात. म्हणजे महिन्यातील बावीस रात्री घर कुलूपबंद असूनही मालक फायद्यात राहतो. जुन्या भाडेनियंत्रणाने मालकाच्या भीतीपोटी घरे रिकामी ठेवली. नव्या व्यवहारात घर रिकामे ठेवणे हाच नफ्याचा भाग होतो. नोकरीसाठी घर शोधणाऱ्याच्या दृष्टीने दोहोंचा परिणाम सारखाच आहे.

परदेशातील अभ्यास या तर्काला दुजोरा देतात. बॅरन, कुंग आणि प्रोसर्पिओ यांच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेविषयीच्या अभ्यासानुसार अशा जागांच्या संख्येत १ टक्का वाढ झाल्यास घरभाडे सुमारे ०.०१८ टक्के आणि घरांच्या किमती ०.०२६ टक्के वाढतात. हे प्रमाण लहान दिसते. परंतु जागांची संख्या काही वर्षांत अनेक पटींनी वाढते तेव्हा ते लहान राहत नाही. बार्सिलोनाविषयीच्या २०२० मधील अभ्यासात शहराची सरासरी भाडेवाढ १.९ टक्के, तर सर्वाधिक पर्यटकनिवास असलेल्या भागांत ती सुमारे ७ टक्के आढळली. परिणाम संपूर्ण शहरावर समप्रमाणात पसरत नाही, तो काही रस्त्यांवर एकवटतो, हा या आकड्यांचा खरा अर्थ आहे. गंगापूर रोड हा असाच रस्ता आहे. तासिका तत्त्वावर काम करणारा अध्यापक किंवा ग्रामीण भागातून आलेला विद्यार्थी येथील भाडे न परवडल्यास शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो. शिक्षणसंस्थांचा रस्ता आणि शिकणाऱ्या-शिकविणाऱ्यांची वस्ती यांची त्यामुळे फारकत होते.

हॉटेल व्यवसायावरील परिणाम

झर्वास, प्रोसर्पिओ आणि बायर्स यांच्या २०१७ मधील टेक्सासविषयीच्या अभ्यासात ऑस्टिन शहरातील हॉटेलांच्या उत्पन्नावर ८ ते १० टक्के विपरीत परिणाम दिसला. मोठ्या तारांकित हॉटेलांपेक्षा कमी दराच्या हॉटेलांना अधिक झळ बसली. तसेच गर्दीच्या काळात दर मनमानी वाढविण्याची हॉटेलांची क्षमता घटली. नाशिकच्या संदर्भात दोन्ही निष्कर्ष विचारात घेण्याजोगे आहेत. पंचवटीतील आणि बसस्थानक परिसरातील लहान लॉज व धर्मशाळा हा येथील निवासव्यवस्थेचा कणा आहे. दुसरीकडे, सिंहस्थासारख्या काळात जागांची संख्या लवचिकपणे वाढणे यात्रेकरूच्या हिताचेच आहे.

हॉटेलचालकांचे म्हणणे असे की, अग्निसुरक्षा, विविध परवाने, व्यावसायिक वीजदर आणि वस्तू व सेवा कर यांचा भार त्यांच्यावर असतो, सदनिकेवर नसतो. यात तथ्य आहे. मात्र कराबाबत ते पूर्णतः खरे नाही. नोंदणी नसलेल्या लहान यजमानाने ऑनलाइन मंचामार्फत निवास दिल्यास कर भरण्याची जबाबदारी कायद्याने मंचावर टाकलेली आहे. खरी विषमता सुरक्षा आणि नोंदणी यांत आहे. लॉजमध्ये पाहुण्याची नोंदवही असते. सोसायटीतील तिसऱ्या मजल्यावर काल रात्री कोण राहिले, हे शेजाऱ्यास ठाऊक नसते.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून असे दिसते की, अल्पमुदतीचा निवास नाशिकला नवा नाही. नवी आहे ती यजमानाची अनुपस्थिती. वाड्यातील उपाध्याय पाहुण्यासह राहत होता. आजच्या सदनिकेचा मालक बहुधा अन्यत्र असतो. हा भेद कायद्यालाही अपरिचित नाही. भाडेनियंत्रण कायद्यातील ‘पेइंग गेस्ट’च्या व्याख्येत परवाना देणारा स्वतः त्या जागेत राहत असणे, ही अट आहेच. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून नेमकी हीच अट घातली : तीस दिवसांहून कमी मुदतीसाठी पाहुणा ठेवायचा असल्यास नोंदणी हवी, यजमान घरात हवा आणि पाहुणे दोनच असावेत. बार्सिलोनाने पर्यटक सदनिकांचे सर्व १०,१०१ परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपुष्टात आणण्याचा निर्णय जून २०२४ मध्ये जाहीर केला. नाशिकला इतक्या टोकाच्या उपायाची गरज नाही.

यावरून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, यजमान राहत असलेले घर आणि पूर्णतः पाहुण्यांस दिलेली सदनिका यांत महानगरपालिकेने स्पष्ट भेद करावा. पहिल्यास प्रोत्साहन आणि दुसऱ्यास नोंदणी, सुरक्षा तपासणी व व्यावसायिक आकारणी लागू करावी. दोन, गिरणारे पट्ट्यातील शेतकऱ्यांच्या घरांना राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाचा आधार द्यावा. ती घरे शहरातील भाडेकरूच्या वाट्यातून काढलेली नसतात. तीन, २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी पाहुण्यांस दिलेल्या सदनिकांची नोंदणी मुदतबंद असावी, म्हणजे पर्व संपल्यावर ती घरे रहिवाशांकडे परततील.

उषवदाताने गोवर्धनात प्रवाशांसाठी निवासस्थाने बांधली, ती कोणाचे घर काढून घेऊन नव्हे. पाहुण्याला आसरा आणि रहिवाशाला घर या दोन्ही गोष्टी एकाच शहराने पुरवायच्या असतात. १९४७ च्या कायद्याला त्यासाठी सापडलेला उपाय चुकीचा ठरला, पण त्याने विचारलेला प्रश्न आजही बरोबर आहे.