यंत्राची बोली आणि नागदेवाचार्यांच्या म्हाताऱ्या

दिवाळीच्या सुमारास आमच्या बुलढाणा जिल्ह्यात दोन गोष्टी एकाच वेळी घरात येतात. एक फराळाचा वास आणि दुसरी म्हणजे कापूस. पणत्या लागण्याच्या त्या दिवसांतच वेचणीला जोर चढतो. बायका उजाडता शेतात जातात, कमरेला ओटी बांधून दिवसभर बोंडे वेचतात, आणि सायंकाळी काट्यावर जेवढे किलो भरतील तेवढी मजुरी ठरते. आठवड्याच्या शेवटी हिशेब होतो. तो हिशेब कोणाच्या वहीत असतो आणि कोणाच्या बोटांवर, हे खेड्यात राहणाऱ्या वाचकाला निराळे सांगायला नको.

गेल्या वर्षीच्या अशाच एका सायंकाळी आमच्या शाळेच्या संगणकखोलीत नववीतली एक मुलगी आपल्या आईच्या वेचणीचा हिशेब यंत्राला घालीत होती. वास्तविक मी चित्रकलेचा शिक्षक. शिक्षण म्हणाल तर शाळान्त परीक्षा, म्हणजे आमच्या वडिलांच्या भाषेत मॅट्रिक, आणि पुढे चित्रकलेची पदविका. दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या, एवढीच काय ती अक्षरांशी ओळख. परंतु संगणकखोलीची किल्ली घ्यायला कोणी तयार होईना, म्हणून ती माझ्या खिशात आली. त्या मुलीने पायथन नावाच्या संगणकभाषेत ‘कापूस’ असे देवनागरीत नाव लिहिले. यंत्राने ते मुकाट्याने मानले. मग ‘मजुरी’ लिहिले, तेही मानले. तिला हुरूप आला, आणि तिने पुढे रक्कम आपल्या मराठी आकड्यांत घातली. त्याबरोबर यंत्र अडले आणि इंग्रजीत काहीतरी रागावून बोलले. मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, “सर, हे मशीन अर्धंच मराठी हाय का?”

मला उत्तर देता आले नाही. मात्र प्रश्न डोक्यातून जाईना. अर्धे मराठी झाले ते कधी? आणि उरलेले अर्धे कोणामुळे अडले? त्याचा शोध घेता घेता जो इतिहास हाती लागला, तो ह्या दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवतो.

ह्या इतिहासाचा आरंभ आपल्या मुंबईतच होतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन ह्यांच्या नेतृत्वाखाली काही तरुणांनी १९५० नंतरच्या दशकात एक गणकयंत्र स्वतःच्या हातांनी बांधावयास घेतले. त्याचा लहान नमुना १९५६ मध्ये चालू झाला आणि पूर्ण यंत्र १९६० मध्ये. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि १२,५०० रोधक. स्मरणशक्ती किती, तर अवघ्या २,०४८ शब्दांची. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव ठेवले : टिफ्रॅक. ह्या यंत्राशी बोलावयाचे तर माणसालाच यंत्राच्या पातळीवर उतरावे लागे. शून्य आणि एक, ह्या दोन चिन्हांपलीकडे त्याला काही कळत नसे. पोथी एका बाजूला आणि तिचा अर्थ जाणणारे चारदोन शास्त्री दुसऱ्या बाजूला, अशीच ती स्थिती.

तिकडे अमेरिकेत १९५७ मध्ये जॉन बॅकस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फोरट्रान ही भाषा बाहेर आणली होती. गणिती सूत्र जवळजवळ कागदावर लिहितो तसे लिहावे, आणि त्याचे शून्य-एकात भाषांतर यंत्राने आपले आपण करावे, अशी तिची योजना. १९६४ मध्ये मुंबईच्या त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले आणि त्याच्याबरोबर फोरट्रानचे राज्य सुरू झाले. एका ओळीला एक, अशी भोके पाडलेली कार्डे. प्रत्येक कार्डावर ८० रकाने. देशभरच्या संस्थांतील लोक आपापले गठ्ठे घेऊन ह्या यंत्राच्या दारी येऊ लागले. एखादा स्वल्पविराम चुकला की गठ्ठा परत, आणि पुन्हा रांगेत उभे राहणे आले.

मला येथे एक गोष्ट फार मनोज्ञ वाटते. यंत्र एक आणि अडलेले अनेक, म्हणून माणसे एकमेकांना विचारू लागली. ‘तुमचे कुठे अडले? आमचे असे सुटले.’ परदेशात ह्या प्रकाराला आधीच रूप आले होते. १९५५ मध्ये एका कंपनीचे यंत्र वापरणाऱ्यांनी ‘शेअर’ नावाचे मंडळ काढून आपल्या आज्ञावल्या एकमेकांना फुकट वाटण्यास सुरुवात केली होती. आपल्याकडे १९६५ मध्ये संगणक वापरणाऱ्यांच्या अशाच एका गटातून कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया जन्मास आली, आणि नरसिंहन तिचे पहिले अध्यक्ष झाले. कानपूरच्या आयआयटीत १९६३ मध्ये आयबीएम १६२० हे यंत्र बसले, तेव्हा व्ही. राजारामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिकठिकाणच्या प्राध्यापकांना बोलावून थोड्या दिवसांचे अभ्यासवर्ग घेतले. पुढे १९६९ मध्ये राजारामन ह्यांचे संगणक-आज्ञावलीवरील पाठ्यपुस्तक निघाले आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. तात्पर्य, यंत्राची भाषा केवळ यंत्रामुळे पसरली नाही. ती सभांनी, वर्गांनी आणि एका हातातून दुसऱ्या हातात गेलेल्या पुस्तकांनी पसरली. मात्र हा सारा व्यवहार इंग्रजीत होता. आमच्या तालुक्याच्या वाटेला त्यातले काहीच आले नाही.

आता त्या मुलीच्या पायथनकडे येऊ. ह्या नावात अजगर नाही. ॲमस्टरडॅमच्या एका गणितसंस्थेत काम करणाऱ्या गिडो व्हॅन रॉसम ह्या गृहस्थाने १९८९ च्या नाताळच्या सुटीत, हाताला काही उद्योग हवा म्हणून ही भाषा रचावयास घेतली. आणि आपल्या आवडत्या माँटी पायथन ह्या विनोदी मंडळीचे नाव तिला दिले. सुटीतल्या उद्योगाचे पुढे काय होईल सांगता येत नाही, हे शिक्षकाने विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे. १९९१ च्या फेब्रुवारीत त्याने ती कोणालाही घेता यावी अशी खुली करून टाकली. तिचा एक नियम माझ्यासारख्या चित्रकाराला एकदम भावला. ओळ डावीकडून किती आत सरकवायची, हा तेथे व्याकरणाचा भाग आहे. समास चुकला की अर्थ चुकला!

१९९४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत ह्या भाषेच्या चाहत्यांची पहिली बैठक भरली. माणसे किती, तर वीसच्या आसपास. आमच्या गावच्या भजनी मंडळातही त्याहून अधिक टाळकरी असतात. परंतु त्या विसांचे पुढे हजारो झाले. कोणी नवी सूचना केली की ती सर्वांपुढे मांडायची, वाद घालायचा आणि मग निर्णय, अशी रीत पडली. अखेरचा शब्द कितीतरी वर्षे गिडोचा असे. २०१८ मध्ये त्याने तो अधिकार आपण होऊन सोडला, आणि पुढच्या वर्षी पाच जणांचे निवडून दिलेले मंडळ आले. पंच निवडणे आपल्या खेड्यांना नवे नाही. घरच्या कर्त्या पुरुषाने वेळेवर किल्ल्या खाली ठेवणे मात्र सगळीकडेच विरळा.

भारतात ह्या मंडळींचा पहिला देशव्यापी मेळावा २००९ मध्ये बंगळूरला भरला. २०११ च्या सप्टेंबरात तो पुण्याला आला. सिम्बायोसिसच्या विश्वभवनात तीन दिवस लोक जमले आणि पायथनच्या मूळ घडणाऱ्यांपैकी रेमंड हेटिंगर मुख्य भाषणाला आला. ह्या मेळाव्यांची एक रीत मला वारीसारखी वाटते. तेथे नुसता श्रोता कोणी राहत नाही. ज्याला काल एक गोष्ट कळली, तो आज ती दुसऱ्याला सांगतो. विज्ञानाच्या अंगाने पायथन वापरणाऱ्यांची परिषदही २०११ पासून मुंबईच्या आयआयटीत भरू लागली. तेथीलच प्राध्यापक प्रभु रामचंद्रन ह्यांनी रचलेले मायावी नावाचे साधन शास्त्रज्ञांना आकड्यांतून त्रिमित चित्रे काढून देते. नाव किती समर्पक आहे पाहा!

आता ‘अर्ध्या मराठी’चा उलगडा. पायथन जगापुढे आली त्याच १९९१ साली आणखी दोन गोष्टी घडल्या. भारतीय लिप्यांना यंत्रात कोणते अंक द्यावयाचे, ह्याचे इस्की नावाचे मानक भारत सरकारच्या मानक संस्थेने स्वीकारले. आणि जगातल्या सर्व लिप्यांना एका छताखाली आणणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या, १९८८ च्या मसुद्यावर बेतलेली आहे. हे भारतीय लिप्यांचे काम कानपूरच्या आयआयटीत सुरू झाले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. १९९१ साली निघालेल्या ह्या दोन वाटा २००८ च्या डिसेंबरात एकत्र आल्या. त्या महिन्यात पायथनची तिसरी आवृत्ती निघाली, आणि तिने पदार्थांना कोणत्याही लिपीतली नावे देण्याची मुभा दिली. म्हणूनच आमच्या मुलीचा ‘कापूस’ यंत्राने मानला. भाषेचे मूळ शब्द मात्र इंग्रजीच राहिले, आणि आज्ञेतले आकडेही इंग्रजी वळणाचेच लागतात.

पण लिपी म्हणजे भाषा नव्हे. पाटी मराठी झाली, शिकवणाऱ्याचे तोंड कोठे मराठी झाले? ह्याचा एक कडू घोट मी स्वतः घेतला आहे. एकदा शिक्षकांच्या संगणक-प्रशिक्षणाला गेलो होतो. व्याख्याते दोन दिवस इंग्रजीत बोलत राहिले. मी मान हलवीत राहिलो. चाळिशी ओलांडलेला माणूस, वर्गात ज्याच्या शब्दाला चाळीस मुले गप्प बसतात, तो तेथे शेवटच्या बाकावर वहीत फुले काढीत बसला होता. समजले नाही, हे म्हणण्याची लाज वाटली. आपली मुले वर्षानुवर्षे हेच करीत असतील काय, हा विचार त्या दिवशी पहिल्यांदा मनात आला आणि झोप उडाली.

ह्या दुखण्यावर एक औषध मुंबईच्या आयआयटीतच तयार झाले आहे. प्राध्यापक कन्नन मौदगल्य ह्यांच्या पुढाकाराने तेथे ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम उभा राहिला. एकेक धडा साधारण दहा मिनिटांचा. पडद्यावर चित्र तेच, इंग्रजीच; पण बोलणारा आवाज आपल्या भाषेतला. मराठीत आहे, इतर कितीतरी भारतीय भाषांत आहे. अर्ध्या पडद्यावर धडा लावायचा आणि उरलेल्या अर्ध्यावर स्वतः करून पाहायचे. सगळे फुकट. आणि त्यांची एक अट मला सर्वांत मोलाची वाटली : धडा ध्वनिमुद्रित होण्यापूर्वी त्याची संहिता ज्याला तो विषय मुळीच येत नाही अशा माणसाकडून करून घेतात. तो अडला तर चूक त्याची नव्हे, धड्याची!

हे वाचले आणि मला एकदम सातशे वर्षांपूर्वीचा प्रसंग आठवला. महानुभाव पंथात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या. ज्याने जे पाहिले, ऐकले, त्याच्याकडे जाऊन विचारले, आणि नागदेवाचार्यांकडून ते पारखून घेतले. त्या लीळांत आमच्या जिल्ह्यातली लोणार, मेहकर ही गावे येतात, म्हणून आम्हाला त्यांचा विशेष लळा. अनेकांच्या आठवणींतून एक ग्रंथ सिद्ध करण्याची ही रीत आणि आजच्या संगणकवाल्यांची रीत, ह्यांत मला फारसे अंतर दिसत नाही. पुढे पंडित केशिराजबासांच्या मनात संस्कृतात लिहावयाचे आले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबविले. त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या बायांना मुकावे लागेल, असे त्यांचे म्हणणे पडले. पंडिताला कळते की नाही हे त्यांनी पाहिले नाही. म्हातारीला कळते की नाही, ही त्यांची कसोटी.

आणि त्याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले, हेही विसरून चालणार नाही. त्याला तशी कारणेही असतील. परंतु परिणाम असा झाला की, मराठीचे ते अपूर्व गद्य शतकानुशतके मराठी माणसाच्याच दृष्टीआड राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी त्या लिपीची किल्ली उलगडली, तेव्हा कोठे दार उघडले. ज्ञान एकदा किल्लीत गेले की त्याचे असे होते. ती किल्ली सांकेतिक लिपीची असो, इंग्रजीची असो, की माझ्या खिशातल्या संगणकखोलीची असो.

असो. त्या दिवसानंतर मी खोली सायंकाळीही उघडी ठेवू लागलो. मुलीने मराठी आवाजातले धडे ऐकले, काही मीही तिच्या शेजारी बसून ऐकले. आणि एके दिवशी तिनेच मला नवा शोध दाखविला. आज्ञेत मराठी आकडे चालत नाहीत हे खरे. पण यंत्राकडूनच प्रश्न विचारवून घेतला आणि उत्तर मराठी आकड्यांत देऊन त्याची संख्या करावयास सांगितले, तर ते बिनतक्रार मान्य करते!

शनिवारी तिची आई तिला न्यायला आली. दारातच चपला काढून उभी राहिली. मुलीने ओढून आत आणले, खुर्चीवर बसविले आणि यंत्र एकेक दिवस विचारू लागले. आई सांगत गेली, लेक मराठी आकड्यांत घालीत गेली. ३८, ४२, ४०, ३५, ४४, ४१. एकूण २४० किलो. किलोमागे १० रुपये. पडद्यावर २,४०० आले. ती माउली काही क्षण बोटांची पेरी मोजीत राहिली. मग म्हणाली, “बराबर हाय.” आणि लगेच दुसरा प्रश्न, “पुढच्या आठवड्याचा भी करता येते का?”

नागदेवाचार्यांची कसोटी माझ्या खोलीत त्या दिवशी लागली, असे मी समजतो. किल्ली अजून माझ्याकडेच आहे. पण खोलीला कुलूप क्वचितच लागते.