राजकन्येची थकबाकी

बँकेच्या काउंटरमागे वीस-बावीस वर्षे काढली, की माणसाला जगातल्या सर्व गोष्टी दोनच प्रकारच्या दिसू लागतात : चालू खाती आणि थकलेली खाती. माझ्या स्वतःच्या आयुष्यात थकलेले असे एकच मोठे खाते आहे. ते एका राजकन्येचे.

१९९८ साली मी साताऱ्यात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होतो. 'पोराला कॉम्प्युटर आला नाही, तर बँकेत कोणी उभे करणार नाही,' असे अण्णांना कोणीतरी सांगितले आणि अण्णांनी मला क्लासला घातले. चपला बाहेर काढून आत जावे लागे. देऊळ आणि ती खोली यांत फरक एवढाच, की देवळात एसी नव्हता. सरांची मर्जी असली, तर शेवटची पंधरा मिनिटे 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळायला मिळे. तळघरात कोंडलेल्या नायकाने साठ मिनिटांच्या आत, दुष्ट वजिराच्या कैदेतली राजकन्या सोडवायची. काम साठ मिनिटांचे, मिळणार पंधरा! कॉमर्सच्या विद्यार्थ्याला एवढा हिशेब कळायला हवा होता. राजकन्या सुटली नाही. क्लास मात्र सुटला.

तो खेळ पुढे फ्लॉपीवरून घरच्या कॉम्प्युटरवर, तिथून पेनड्राइव्हवर, असा बँकेतल्या माणसासारखा बदल्या होत होत माझ्याबरोबर राहिला. गेल्या दिवाळीत नवा लॅपटॉप आला, तेव्हा वाटले, आता वसुली करावी. खेळावर दोनदा टिचकी मारली. उत्तर आले, 'हा प्रोग्रॅम तुमच्या कॉम्प्युटरवर चालणार नाही.' केवायसी न केलेल्या म्हाताऱ्या खातेदाराकडे आमचा नवा ऑफिसर ज्या नजरेने बघतो, अगदी तीच नजर!

चौकशी केली, तेव्हा कळले, की आमचा राजपुत्र सोळा बिटांचा आणि चौसष्ट बिटांचे विंडोज सोळा बिटांच्या पाहुण्याला दारातूनच परत पाठवते. म्हणजे खेळ बिघडलेला नव्हता. जग पुढे गेले होते, इतकेच.

या पुढे जाण्याचाही एक इतिहास आहे. १९८१ सालच्या आयबीएम पीसीचा वेग होता ४.७७ मेगाहर्ट्झ. पुष्कळ खेळ लिहिणाऱ्यांनी त्या वेगालाच घड्याळ मानले. पुढची यंत्रे वेगवान निघाली आणि खेळ सैरावैरा पळू लागले. 'विंग कमांडर' हा १९९० सालचा अवकाशयुद्धाचा खेळ नंतरच्या यंत्रांवर इतका सुसाट सुटे, की विमान सावरायलाच सवड मिळू नये. म्हणून तर त्या काळच्या डब्यांवर 'टर्बो' नावाचे बटण असे. नाव टर्बो, पण त्याचा खरा उपयोग यंत्राला सावकाश चालवण्यासाठी! आमच्या क्लासात ते दाबले, की सर ओरडत, 'मशीन जळेल!' त्यामुळे त्याचा उपयोग मला कळायला पंचवीस वर्षे लागली.

मग तोडगा सापडला. नेदरलँड्समधल्या दोघा जणांनी २००२ साली 'डॉसबॉक्स' नावाचा प्रोग्रॅम जगाला फुकट दिला. तो नव्या यंत्राला जुन्याचे सोंग घ्यायला लावतो. जुना पडदा, जुने साऊंड कार्ड, जुना मंद वेग, सगळे सोंगच. कंट्रोल आणि एफ-अकरा दाबले, की हे सोंग आणखी हळू चालते. चिरंजीव म्हणाले, "बाबा, लोक यंत्र फास्ट करायला पैसे देतात!" मी म्हटले, "अरे, म्हाताऱ्या माणसाबरोबर चालायचे, तर आपणच हळू चालावे लागते." वाक्य मलाच आवडले.

राजपुत्र धावला. पहिली पातळी पार झाली आणि मी एका खोलीत येऊन अडकलो. तिथे बाटल्याच बाटल्या, प्रत्येकीवर एक अक्षर. पुस्तिकेच्या अमुक पानावर, अमुक ओळीत, अमुक शब्दाचे पहिले अक्षर कोणते, ती बाटली प्यायची. चुकीची बाटली म्हणजे विषच. खेळ विकत घेतला की नकलून आणला, याची ही तपासणी. आमच्याकडची सही पडताळणीच म्हणा. क्लासात पुस्तिका कोणी पाहिली होती! सगळी अक्षरे उतरवलेला एक झेरॉक्स कागद तेवढा हातोहात फिरे. माझी प्रत अकाउंटन्सीच्या वहीत होती. आणि वह्यांची अख्खी ट्रंक मीच दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला दिली होती. अण्णा म्हणत होते, "असू दे रे, कागद काय खातो का पितो?" मी म्हणालो होतो, "अण्णा, तुम्हाला काही टाकवत नाही!" जरा चढ्या आवाजातच.

त्या रात्री अण्णांना मी या खेळाची हकिकत सांगत बसलो. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने तो लिहिला. १९८५ साली धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याने व्हिडिओ घेतला आणि त्यावरून एकेक चित्र उतरवून राजपुत्राला चालवले. संगीत वडिलांनी दिले. १९८९ साली खेळ बाजारात आला, तोही ॲपल-दोन या तेव्हाच म्हाताऱ्या झालेल्या यंत्रावर. पुढे तो जगभर गेला, पण मूळ प्रोग्रॅमच हरवला. २०१२ साली वडिलांनी कपाटात मागे पडलेले एक खोके मुलाला पाठवले, त्यात त्या फ्लॉप्या निघाल्या! जाणकारांनी जुनी यंत्रे जुळवली, सगळे शाबूत वाचले आणि मेकनरने ते लोकांना खुले केले. हे दैव सगळ्यांचे नसते. अमेरिकेत २०१० सालापूर्वी निघालेल्या खेळांपैकी शेकडा सत्त्याऐंशी आज बाजारात रीतसर मिळत नाहीत, असे २०२३ सालच्या एका पाहणीत दिसले. आमच्या बँकेत एवढी खाती बुडाली, तर शाखेला कुलूप लागेल.

अण्णा शांतपणे ऐकत होते. मग उठले, गुडघ्यांवर हात ठेवत आतल्या खोलीत गेले आणि माझी अकाउंटन्सीची वही घेऊन आले. रद्दीवाला ट्रंक उचलत असताना त्यांनी ती हळूच काढून ठेवली होती. कागदाची घडी पिवळी पडली होती, पण अक्षरे वाचता येत होती.

"म्हटलं, तुझं अक्षर तेव्हा बरं होतं," एवढेच ते म्हणाले.

मी बाटली प्यायलो. दार उघडले. राजकन्या अजून सुटलेली नाही. माझी बोटे आता अठरा वर्षांची नाहीत आणि त्याला डॉसबॉक्सकडेही इलाज नाही. पण रोज रात्री जेवणानंतर अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि मी खड्ड्यात पडलो, की "हळू, हळू," म्हणतात.

परवा तर निघताना म्हणाले, "त्या कागदाची एक झेरॉक्स काढून ठेव. आणि ती कुठे ठेवलीस, ते मला सांगून ठेव."