यंत्र म्हणालं 'खोटारडा', मग?

नाशिकरोडहून एका श्रोत्याने विचारलंय: माझा मावसभाऊ अमेरिकेत सरकारी कामावर आहे, आता तिथलाच नागरिक. सिक्युरिटी क्लिअरन्सचं नूतनीकरण आलं आणि पॉलिग्राफमध्ये तो नापास झाला. नोकरी गेली का त्याची?

प्रश्न नाशिकरोडचा, म्हणून जास्तच आवडला. तिथे 1928 पासून करन्सी नोट प्रेस आहे, जवळच इंडिया सिक्युरिटी प्रेस. नोटा-स्टॅम्प छापणाऱ्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा, हा त्या भागाचा जुनाच प्रश्न.

मराठेशाहीत यावर उपाय होता दिव्य. वतनाचा वाद मिटेना, की उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा, म्हणजे रवा, हाताने काढायला लावत. मग हाताला पिशवी बांधून मोहोर करायची आणि काही दिवसांनी उघडून बघायचं. हात भाजलेला दिसला, तर तो खोटा. 1921 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली पोलिसांत जॉन लार्सनने तेलाच्या जागी यंत्र आणलं. ते रक्तदाब मोजतं, श्वास मोजतं. खोटेपणा नाही मोजत. एटीएमवर मागे कुणी उभं असलं तर पिन टाकताना मला घाम फुटतो, माझा निकाल काय लागेल सांगा!

उलटंही होतं. सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स 1985 पासून सोव्हिएत संघाला गुपितं विकत होता. 1986 आणि 1991, दोन्ही वेळा पॉलिग्राफ पास. पकडला गेला थेट 1994 मध्ये.

आता पुन्हा नाशिक. स्टॅम्प पेपर घोटाळ्यातला अब्दुल करीम तेलगी आठवतोय? इंडिया सिक्युरिटी प्रेसने काढून टाकलेली यंत्रसामग्री त्याने मिळवली, असं तपासात पुढे आलं. त्याची नार्को चाचणी झाली. ही पॉलिग्राफहून वेगळी, यात औषध देऊन बोलतं करतात. चित्रफीत टीव्हीवर आली आणि घराघरात निकाल लागून गेला! कोर्टात मात्र त्याला 2006 आणि 2007 मध्ये शिक्षा झाल्या, त्यातला 2007 चा गुन्हा त्याने स्वतः कबूल केला होता. आणि नाशिकच्या कोर्टातल्या एका खटल्यात पुराव्याअभावी तो डिसेंबर 2018 मध्ये निर्दोष ठरला. तोवर तो जाऊन वर्ष झालं होतं.

अशा चाचण्यांवर सुप्रीम कोर्टाने 5 मे 2010 ला सेल्वी खटल्यात स्पष्ट सांगितलं: संमतीशिवाय नार्को नाही, पॉलिग्राफ नाही. संमतीने केली, तरी नुसता तिचा निकाल पुरावा नाही. राज्यघटनेचं कलम 20(3) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावत नाही.

मावसभावाला हे कलम उपयोगाचं नाही, पण तिकडेही दार उघडं आहे. जून 2017 पासून लागू असलेल्या अमेरिकी क्लिअरन्सच्या नियमांत लिहिलंय, की फक्त पॉलिग्राफच्या आलेखावरून प्रतिकूल कारवाई करता येत नाही, सोबत दखल घेण्याजोगी ठोस माहिती हवी. त्यामुळे दादा, भावाला आधी कारणांचं पत्र नीट वाचायला सांगा. आक्षेप आलेखावर आहे, की खुर्चीत बसून घाबरून त्याने जे काही 'कबूल' केलं त्यावर? पहिलं असेल तर लढायला जागा आहे. दुसरं असेल तर तिथला वकील गाठा, आणि उत्तर द्यायची मुदत चुकवू नका.