नोरोव्हायरस आणि कोविड टाळेबंदी (इंग्लंड)

नोरोव्हायरस हा उलट्या-जुलाबांची साथ पसरवणारा विषाणू. 1968 मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावी एका शाळेत अशी साथ आली. तिच्या नमुन्यांत अल्बर्ट कापिकियन यांना 1972 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू दिसला आणि गावाचे नाव त्याला कायमचे चिकटले. इंग्लंडात त्याचा जोर थंडीत असतो. शाळा, रुग्णालये व वृद्धांची निवासगृहे त्याच्या तडाख्यात आधी सापडतात.

23 मार्च 2020 रोजी तिथे टाळेबंदी जाहीर झाली. ती श्वसनमार्गाच्या रोगासाठी होती, तरी नोरोव्हायरसच्या नोंदी झपाट्याने खाली आल्या आणि 2020-21 च्या हिवाळ्यात नेहमीची साथ आलीच नाही. मात्र नोंदी घटल्या म्हणजे रोगही घटला, असे लगेच म्हणता येत नाही. पोट बिघडले म्हणून त्या काळात दवाखान्यात जायला लोक कचरत होते आणि प्रयोगशाळा कोविडच्या तपासण्यांत बुडाल्या होत्या.

हा पेच सोडवायला कॅम्पायलोबॅक्टर या जिवाणूची मदत होते. तो मुख्यतः नीट न शिजलेल्या कोंबडीतून पोटात जातो. एका माणसाकडून दुसऱ्याला क्वचितच लागतो. तपासण्या कमी झाल्याचा फटका त्याच्याही नोंदींना बसला, पण त्यांतली घट नोरोव्हायरसच्या मानाने बरीच कमी होती. दोन्ही रोगांच्या तपासणीची रीत अगदी एकसारखी नाही, हे धरूनही दोन घटींमधले अंतर बोलके आहे. ताटातून येणारा जंतू टाळेबंदीतही घरात शिरत राहिला. माणसांच्या संगतीने फिरणाऱ्याची वाट मात्र तुटली. या विषयातला सर्वांत भक्कम पुरावा हाच मानावा लागतो.

नेमक्या कोणत्या उपायाने किती काम केले, हे वेगळे काढणे अवघड आहे. मुखपट्टीला फार श्रेय देता येत नाही. सॅनिटायझरलाही नाही: नोरोव्हायरसला मेदाचे बाह्यावरण नसते, त्यामुळे अल्कोहोलला तो पुरेशी दाद देत नाही. साबण-पाण्याने हात चोळून धुणे आणि पृष्ठभाग क्लोरीनयुक्त ब्लीचने पुसणे, हेच त्याच्यावरचे खरे उपाय. मोजके विषाणूकणही आजारी पाडायला पुरतात आणि दाराच्या मुठीवर ते अनेक दिवस टिकतात. म्हणून शाळा बंद असणे आणि रुग्णालयांत भेटीगाठींवर बंदी असणे, यांचा वाटा मोठा असावा.

अन्नातून येणाऱ्या जंतूंच्या नोंदी इतरत्रही घटल्या: अमेरिकेत 2020 मध्ये फूडनेट या देखरेख-जाळ्यात अन्नातून होणाऱ्या संसर्गांची नोंद आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा 26 टक्क्यांनी घटली. परदेश प्रवास थांबणे हे त्याचे एक कारण होते.

इंग्लंडातले बहुतेक निर्बंध 19 जुलै 2021 रोजी उठले, पण विषाणू त्याआधीच परतला होता. मेअखेरीपासूनच्या पाच आठवड्यांत 154 उद्रेक नोंदले गेले. आधीच्या पाच वर्षांची त्याच काळातली सरासरी 53 होती. विशेषतः पाळणाघरांतले उद्रेक वाढले. तिथल्या कित्येक मुलांची या विषाणूशी गाठच पडली नव्हती, आणि मोठ्यांमध्येही त्याच्याविरुद्धची प्रतिकारशक्ती फार काळ टिकत नाही. 2024-25 च्या हंगामातली मोठी साथ मात्र सरसकट टाळेबंदीच्या खात्यावर टाकता येत नाही. तोवर इंग्लंडात जीआय-आय.4 या जुन्या प्रकाराला मागे सारून जीआय-आय.17 पुढे आला होता.